कारवारचे तीन साहेब आणि एक नीलवंत

२२ जून २०१५ रोजी राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत ‘ब्लू मॉरमॉन’ हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं. शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण यांच्या पंक्तीत एक कीटक येऊन बसला. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत त्याचं मराठी नाव ‘राणी पाकोळी’ असं छापून आलं, आणि पुढे फुलपाखरांना रीतसर मराठी नावं देण्याचं काम झालं तेव्हा ‘नीलवंत’ हे नाव रुळलं. शास्त्रीय नाव वेगळंच: पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर.

म्हणजे एका प्राण्याला चार नावं. त्यातली तीन त्याच्याकडे न बघताच ठेवलेली.

शास्त्रीय नावापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत अन्यायाचं. पॉलिम्नेस्टर हा ग्रीक कथेतला थ्रेस देशाचा राजा, ट्रॉयच्या प्रायमचा जावई. ट्रॉयवर युद्धाचं संकट आलं तेव्हा प्रायमने धाकटा मुलगा पॉलिडोरस आणि त्याच्याबरोबर भरपूर सोनं या राजाकडे सुरक्षित ठेवायला पाठवलं. ट्रॉय पडल्याची खबर आली तशी या गृहस्थाने पोराला मारून सोनं घशात घातलं. पुढे मुलाची आई हेक्युबा हिने त्याचे डोळे काढले. असल्या माणसाचं नाव आपल्या जंगलातल्या सर्वांत देखण्या फुलपाखरांपैकी एकाला का मिळावं? कारण साधं आहे. लिनियसने मोठ्या, राजेशाही दिसणाऱ्या फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धातल्या दोन्ही बाजूंची नावं देण्याची प्रथा पाडली होती. त्याच्या मागून आलेल्यांनी तीच ओढली. चांगल्या वीरांची नावं भराभर संपली आणि मग यादीत उरलेले आले.

नाव ठेवणारा माणूस होता पीटर क्रॅमर, अ‍ॅमस्टरडॅमचा एक सधन व्यापारी. लोकर आणि कापडाचा धंदा, आणि फावल्या वेळात परदेशी फुलपाखरं जमवायची हौस. त्या काळात डच कंपनीच्या जहाजांतून मिरी-दालचिनीबरोबर शिंपले, वाळवलेले किडे, पेंढा भरलेले पक्षी अ‍ॅमस्टरडॅमला उतरायचे आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या कपाटांत जाऊन बसायचे. क्रॅमरने ही कपाटं धुंडाळली, आपल्या आणि मित्रांच्या संग्रहातल्या फुलपाखरांची रंगीत चित्रं गेरिट वार्टेनार लांबर्ट्‌झ या चित्रकाराकडून काढून घेतली आणि १७७५ पासून ती हप्त्याहप्त्याने छापायला घेतली. त्यातच आपला नीलवंत पहिल्यांदा छापील पानावर आला. काळे पुढचे पंख, त्यांवर फिकट निळ्या पट्ट्यांची रांग; मागचे पंख जवळजवळ पूर्ण आभाळी, त्यांवर काळे ठिपके. वर्षभरात, १७७६ मध्ये, क्रॅमर तापाने गेला. काम कॅस्पर स्टोलने पुढे नेऊन १७८२ मध्ये तडीस नेलं. चारशे रंगीत पानं आणि साडेसोळाशेच्या आसपास जाती! लिनियसची नवी नामपद्धती परदेशी फुलपाखरांना लावणारा हा पहिला मोठा ग्रंथ.

क्रॅमर हिंदुस्थानात कधी आला नाही. नीलवंत कुठे राहतो, काय खातो, अंडी कुठे घालतो, यातलं काही त्याच्या कपाटात नव्हतं. पंख होते फक्त. टाचणी टोचलेले, पसरलेले, कोरडे पंख.

‘मॉरमॉन’ची गोष्ट त्यानंतरची. नीलवंताचं एक चुलत भावंड आहे, कॉमन मॉरमॉन. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडाभोवती घुटमळणारं काळं, शेपटीवालं फुलपाखरू. त्याचे नर सगळे एकसारखे, पण माद्या तीन तऱ्हांच्या. एक नरासारखीच, दुसऱ्या दोघी दोन वेगळ्या विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या, पंखांवर लाल ठिपक्यांच्या. एका नराभोवती तीन वेगवेगळ्या रूपाच्या बायका बघून हिंदुस्थानातल्या कोणा इंग्रजाला अमेरिकेतला बहुपत्नीकत्वासाठी गाजलेला मॉर्मन पंथ आठवला, असं सांगतात. गंमत म्हणजे त्या पंथाच्या मुख्य शाखेने १८९० मध्येच ही चाल सोडत असल्याचं जाहीर केलं, फुलपाखरावरचा शिक्का मात्र तसाच राहिला. त्यातही नीलवंताचा गुन्हा काहीच नाही. त्याच्या माद्या नरासारख्याच दिसतात, फक्त रंगाने किंचित फिक्या. भावाच्या करणीचं नाव याच्या माथी आलं.

‘राणी पाकोळी’ कानाला गोड आहे, पण तिथेही घोटाळा आहे. पावसाळ्यानंतर ओढ्याकाठच्या ओल्या रेतीवर सोंड खुपसून बसलेला, सावलीच्या वाटेवरून वेडेवाकडे गोते घेत जाणारा, ज्याला बघून आपण ‘राणी’ म्हणतो, तो बहुतेक वेळा नर असतो. मातीतले क्षार शोषायला बहुतेक नरच बसतात. माद्या तेव्हा झाडीत शिरून आपलं काम करत असतात.

ते काम काय, हे कळायला टाचणी पुरत नाही. मादीच्या मागे जावं लागतं. अंडं सापडलं तर घरी आणावं लागतं, अळीला रोज ताजी पानं घालावी लागतात, कोष होईपर्यंत आणि त्यातून काहीतरी बाहेर पडेपर्यंत धीर धरावा लागतो. बाहेर फुलपाखरूच पडेल असंही नाही. कित्येकदा बारीक गांधीलमाश्यांचा थवा निघतो आणि महिन्याची मेहनत वाया जाते. हे काम सिलोनमध्ये आधी सुरू झालं होतं. पेरादेनियाच्या उद्यानात डी अल्विस घराण्यातल्या चित्रकारांनी अळ्यांची आणि कोषांची पानापानांसह चित्रं काढली होती, आणि फ्रेडरिक मूरने लंडनमध्ये बसून ती आपल्या ग्रंथात वापरली. तिथल्या नीलवंताला १८८१ मध्ये ‘पारिंदा’ असं नावही मूरनेच दिलं. आपल्या बाजूला, पश्चिम किनाऱ्यावर, हे काम झालं ते मुंबईत नव्हे आणि पुण्यातही नव्हे. ते झालं कारवारात.

पण मुंबईला वळसा घालून कारवारला पोचता येत नाही.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. आठांतले दोघे आपले: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, मुंबईच्या बाजारातल्या औषधी द्रव्यांची सूची करणारे डॉ. सखाराम अर्जुन. (रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून आज त्यांची ओळख जास्त आहे. रखमाबाईंचा खटला उभा राहिला त्याच सुमारास, १८८५ मध्ये, ते वारले.) उरलेल्या सहांत एक होता एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. ‘ईहा’ या आद्याक्षरी सहीने लिहिणारा हा माणूस आपल्या साताऱ्यात १८५१ मध्ये जन्मला. बाप स्कॉटिश मिशनरी. शिक्षण मुंबई-पुण्याला, काही वर्षं डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं आणि मग १८७६ मध्ये कस्टम व मीठ खात्यात शिरला.

मीठ खातं म्हणजे काय, हे आज सांगायला हवं. सरकारचा मिठावर मोठा कर होता. मिठागरांवर पहारे, किनाऱ्यावर पहारे, गोव्याच्या सरहद्दीवर पहारे. अधिकाऱ्याला वर्षातले कित्येक महिने खारघोडा, उरण, रत्नागिरी किंवा कारवारसारख्या ठिकाणी तंबूत वा बंगल्यात काढावे लागत. बोलायला माणूस नाही, वर्तमानपत्र चार दिवसांनी येणार. अशा एकांतात काही साहेब दारूला लागत. ईहा पालींकडे आणि मुंग्यांकडे बघायला लागला. ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे त्याचं पुस्तक १८८३ चंच. बंगल्यातल्या उंदीर-कावळे-डासांना सरहद्दीवरच्या टोळ्या समजून लिहिलेलं, थट्टेखोर आणि नजरबाज. नोकरांविषयी तो लिहितो तेव्हा आज काही ठिकाणी मन खट्टू होतं. किड्यांविषयी लिहितो तेव्हा मात्र कुणालाच कमी लेखत नाही.

दुसरा साहेब जेम्स डेव्हिडसन. हा आयसीएस, कलेक्टरच्या हुद्द्यापर्यंत चढलेला, आणि पक्षीवेडा. खानदेशात असताना त्याने १८८० च्या दशकात शहादा-तळोद्याच्या रानांत एका लहान घुबडाचे नमुने मिळवले. आज आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे जेमतेम सात नमुने होते. त्यानंतर हा पक्षी कुणाला दिसला नाही; अपवाद एका इंग्रज कर्नलचा. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन याने १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचा दावा केला होता. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची शिवण उसवून तपासली तेव्हा तो डेव्हिडसनचाच निघाला. कर्नलसाहेबांनी तो संग्रहालयातून उचलून, नवी चिठ्ठी लावून आपल्या नावावर केला होता. गुजरातचा पत्ता खोटा ठरल्यावर शोध पुन्हा खानदेशात आला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. डेव्हिडसनची जुनी चिठ्ठी शंभराहून जास्त वर्षांनी खरी ठरली. हे नीलवंताशी संबंधित नाही, कबूल. पण हा माणूस नोंद कशी करायचा ते यावरून कळतं.

तिसरा थॉमस रीड बेल. तिघांत वयाने लहान, १८६३ चा, आयर्लंडातल्या कॉर्क परगण्यात जन्मलेला. वनखात्यात आला, आधी धारवाड आणि मग कारवार. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत उत्तर कानडा जिल्ह्यात हे तिघे एकत्र आले: मिठाचा साहेब, महसुलाचा साहेब आणि जंगलाचा साहेब. जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १८६२ मध्ये तो मद्रासकडून इकडे आला होता. काळी नदीच्या मुखाशी कारवार, बोली कोकणी, मराठीचा राबता. (काही वर्षांपूर्वीच तिथे न्यायाधीश असलेल्या थोरल्या भावाकडे, सत्येंद्रनाथांकडे, तरुण रवींद्रनाथ टागोर राहून गेले होते. त्याआधी मुंबईत इंग्रजी बोलण्याचे धडे त्यांनी आत्माराम पांडुरंगांच्या मुलीकडून, अन्नपूर्णाकडून घेतले होते. जग लहान होतं.) आणि मागे सह्याद्री. यल्लापूर, सुपे, कॅसल रॉक, दांडेलीची राने. पाऊस असा की जोडे पेटीत ठेवले तरी बुरशी धरावी.

या रानांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. वनखातं तिथे फुलपाखरांसाठी बसलेलं नव्हतं. ते सागवान मोजायला बसलं होतं. डोंगरातली कुमरी शेती, म्हणजे जंगलाचा तुकडा जाळून केलेली फिरती शेती, सरकारने आवळत आणली होती. गावकऱ्यांना लाकूडफाट्यापासून पालापाचोळ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीची परवानगी घ्यावी लागे, आणि ती देणारे किंवा नाकारणारे अधिकारी याच तिघांच्या दर्जाचे होते. बेलला हवा तेव्हा, हव्या त्या रानात शिरता येत होतं. रानाजवळच्या कुणब्याला येत नव्हतं. फुलपाखरांच्या इतिहासातही हे ध्यानात ठेवायला हवं.

डेव्हिडसन आणि ईहा यांनी १८९० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोषांवर टिपणं छापली. मग बेल सामील झाला. १८९६-९७ मध्ये तिघांच्या नावावर चार हप्त्यांत ‘उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरं’ हा लेख आला. त्या काळातल्या फुलपाखरांवरच्या लेखांत पंखांच्या रेषा आणि ठिपके पानंपानं चालतात. इथे प्रश्न वेगळा होता: ही जात काय खाते? अंडं कुठल्या पानावर, पानाच्या कुठल्या बाजूला? अळी कशी बसते, कधी खाते? कोष कुठे टांगते? एखाद्या जातीची अळी सापडली नसेल तर तसं सांगून ते मोकळे होत.

हा प्रश्न का मोठा, ते तेव्हाच्या गोंधळातून कळेल. आपल्याकडची बरीच फुलपाखरं पावसाळ्यात एक रूप घेतात आणि उन्हाळ्यात दुसरंच. संध्याकाळी दिव्याजवळ येणारी तपकिरी फुलपाखरं पावसात डोळ्यांच्या ठिपक्यांची असतात, कोरड्या दिवसांत वाळक्या पानासारखी. युरोपातल्या कपाटांत असली दोन्ही रूपं दोन वेगळ्या जाती म्हणून बसलेली असत. एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही बाहेर पडताना कुणी स्वतः पाहिलं तरच वाद मिटे. कलकत्त्यात लायोनेल डी निसव्हिलने असे प्रयोग केले. कारवारच्या तिघांनी ते एका जिल्ह्याच्या फुलपाखरांना लावले.

आता नीलवंताकडे. त्याच्या मादीच्या मागे जायचं तर मोकळ्या वाटेवरून नाही, झाडीच्या सावलीतून जावं लागतं. ती हळू उडते, खाली उतरते, पानाला पायांनी स्पर्श करते आणि उठते. पुन्हा दुसऱ्या पानाला. पायांवर चव घेणारी इंद्रियं असतात. ती पाय रोवते म्हणजे खरं तर चाखते. दहा झुडपं नाकारून ती अकराव्यावर एक अंडं ठेवते, पिवळसर, मोहरीहून थोडं थोरलं, आणि निघून जाते. एका पानावर एक. हे अकरावं झुडूप म्हणजे बहुतेक वेळा माकडलिंबू, शास्त्रीय भाषेत अटालांशिया. सह्याद्रीच्या रानातलं काटेरी, चकचकीत पानांचं, बोराएवढ्या लिंबांचं झाड. आपल्या लिंबू-पपनसाचं, बेलाचं आणि कढीपत्त्याचं सगळ्यांचं एकच कूळ. पानाला एक उग्र वास येतो तो याच कुळाचा, आणि मादी ओळखते ती हीच चव.

झाडाचं नाव ओळखण्याचं काम सोपं नव्हतं. त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षांत, डब्ल्यू. ए. टॅल्बॉट हा दुसरा वनाधिकारी मुंबई इलाख्यातल्या वृक्षवेलींची यादी करत होता. त्याची यादी १८९४ मध्ये आली आणि मोठा सचित्र ग्रंथ १९०९ ते १९११ मध्ये. अशा याद्यांत लॅटिन नावाशेजारी देशी नावं येतात. ती नावं कुणीतरी साहेबाला सांगितली असणार. सांगणाऱ्याचं नाव कुठल्याही यादीत नाही. ‘माकडलिंबू’ हा शब्द मात्र टिकला, आणि मला तो अटालांशियापेक्षा अधिक शास्त्रीय वाटतो. माकडाच्या वाट्याचं लिंबू म्हणजे काय ते ऐकताक्षणी कळतं.

अळी निघते ती आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खाते. मग पानाच्या मधोमध रेशमाची बारीक गादी विणून तिच्यावर बसते. खायला जाते, परत गादीवर येते. या वयात ती पक्ष्याची विष्ठा दिसते. ‘विष्ठेसारखी’ म्हणणं कमी पडेल: तपकिरी, मध्ये पांढरट डाग, ओलसर चकाकी. भर उन्हात पानाच्या वर, कुणालाही दिसेल अशी उघडी बसून ती सुरक्षित असते. कुठला पक्षी विष्ठा टिपेल? चौथी कात टाकेपर्यंत हे सोंग चालतं. मग ती इतकी मोठी होते की एवढी विष्ठा टाकणारा पक्षी रानात नसतो, आणि कात टाकून ती एकदम हिरवी होते. अंगावर तिरके पट्टे, पाठीच्या फुगीर भागावर दोन खोटे डोळे. खरं डोकं त्याखाली दडलेलं. डिवचलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचं मांसल शिंग बाहेर येतं आणि कुजकट लिंबाचा वास पसरतो. मुंग्या मागे हटतात. माणसंही.

विष्ठेपासून पानापर्यंतचा हा बदल कसा होतो, याचं उत्तर २००८ मध्ये जपानी संशोधकांनी नीलवंताच्याच गणातल्या एका जातीवर शोधलं. अळीच्या अंगातलं बाल्य टिकवणारं संप्रेरक एका ठरावीक वेळी कमी होतं, आणि पुढची कात हिरवी येते. तेच संप्रेरक बाहेरून दिलं तर अळी मोठी होऊनही विष्ठेच्याच वेषात राहते. कारवारात हे कळायला साधन नव्हतं. पण कितव्या कातीला वेष बदलतो, हे पेटीत पानं घालत बसणाऱ्या माणसांनी लिहून ठेवलं होतं, आणि त्या नोंदींशिवाय असला प्रश्न विचारावा कसा हेही सुचत नाही.

कोष कमरेला रेशमाचा एक दोरा बांधून, मागे टेकून उभा राहतो. बहुधा हिरवा, पानाचा तुकडा समजून नजर पुढे जावी असा. आणखी काही दिवसांनी, सकाळच्या प्रहरी, त्यातून ओलं, चुरगळलेलं काळं-निळं काहीतरी बाहेर येतं. अंड्यापासून इथपर्यंत महिना-दीड महिना. पंख पूर्ण उघडले की चार ते सहा इंच. आपल्याकडे याहून मोठं फक्त सदर्न बर्डविंग, काळं-पिवळं.

तिघांची पांगापांग झाली. ईहाला मीठ खात्याने गोव्याच्या सरहद्दीवरच्या चौक्यांत हिवताप का पसरतो ते बघायला पाठवलं. तिथे त्याने एक नवा डास पकडला, आणि तो डास शास्त्रात त्याच्या नावाने, अ‍ॅनोफेलिस एटकेनी म्हणून, ओळखला जातो. आयुष्यभर डासांची थट्टा केलेल्या माणसाचं हे स्मारक. १९०९ मध्ये तो एडिंबरोत वारला. डेव्हिडसनही मायदेशी परतला.

बेल राहिला. पुढे त्याने सोसायटीच्या नियतकालिकात हिंदुस्थानच्या मैदानी मुलुखातल्या सामान्य फुलपाखरांवरची लेखमाला सुमारे दोन दशकं चालवली. एवढा चिवटपणा मी दुसऱ्या कुठल्या मालेत पाहिलेला नाही. मध्येच त्याने वनस्पती गोळा केल्या, भुंगेरे गोळा केले, गवतं गोळा केली, आणि ज्याला जे हवं त्याला ते पाठवून दिलं. मुंबई इलाख्याचा मुख्य वनसंरक्षक होऊन १९२० मध्ये निवृत्त झाला. पतंगांवरचा त्याचा आणि मेजर स्कॉटचा ग्रंथ १९३७ चा. पुढच्या सगळ्यांनी बेलच्या विहिरीतून पाणी भरलं: बिंगहॅमने फुलपाखरांवरच्या १९०७ च्या ग्रंथात कारवारच्या तिघांची अळ्यांची वर्णनं जशीच्या तशी उतरवून घेतली, आणि १९५७ मध्ये सोसायटीने काढलेल्या विंटर-ब्लिथच्या पुस्तकातही खाद्यवनस्पतींच्या मागे बेल आहेच. देश स्वतंत्र झाला, ओळखीचे बहुतेक साहेब बोटीत बसून गेले. बेल गेला नाही. २४ जून १९४८ रोजी तो कारवारात वारला.

कॉमन मॉरमॉनच्या त्या तीन बायकांचं कोडंही पुढे आपल्याच माणसाने सोडवलं. पुण्याच्या टेकड्यांवर फुलपाखरं बघत मोठे झालेले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की मादीचं रूप ठरवणारी कळ एकाच जनुकात आहे; नर-मादी हा भेद घडवणाऱ्या ‘डबलसेक्स’ या जनुकात. शंभर वर्षांपूर्वीची थट्टा आता रेणूंच्या भाषेत लिहिली गेली. नीलवंताच्या माद्यांनी तिथेही हजेरी लावायचं कारण नव्हतं.

नीलवंत आज दुर्मीळ नाही. तो शहरात शिरला आहे, कारण लिंबू शहरात शिरलं आहे. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तो दिसतोच, पण भर वाहतुकीत, बसच्या टपावरून तिरपा निघून जातानाही दिसतो. पपनसाच्या, ईडलिंबाच्या झाडावर त्याची मादी अंडी घालते. मात्र लिंबाच्या बागेत त्याच अळीला कीड म्हणतात आणि तिच्यावर फवारा मारतात. रानातल्या माकडलिंबाला असा शत्रू नाही. त्याला शत्रू आहे ती कुऱ्हाड आणि वणवा, आणि त्याहून जास्त आपलं अज्ञान: काटेरी झुडूप म्हणून ‘साफसफाई’त पहिल्यांदा तेच जातं.

चार नावांपैकी ‘नीलवंत’ हे एकच नाव त्या प्राण्याकडे बघून ठेवलेलं आहे, आणि माझ्यापुरतं तेवढंच खरं. तुमच्या अंगणात किंवा सोसायटीच्या कुंपणाला जागा असेल तर या पावसाळ्यात रोपवाटिकेत जाऊन माकडलिंबू मागा. नसेल म्हणून सांगतील. तरी मागा, पुढच्या वर्षी पुन्हा मागा. रोप मिळालं आणि रुजलं, की दोन-तीन पावसाळ्यांनी त्याच्या पानावर पक्ष्याने घाण केलेली दिसेल. ती पुसू नका.